पाय मोडण्याची कळ

आपल्या वार्तापत्राचा मजकूर संगणकावर उतरवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. यंदा अंक छापायला द्यायला चार दिवस उरले असताना माझ्या लॅपटॉपची ‘डी’ची कळ अडकली. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिणाऱ्यांना हे संकट लगेच समजेल. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि ‘डी’वर असतो हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची खूण. कळ दाबली की खालीच बसायची आणि पडद्यावर हलन्तांची रांग लागायची. ती वगळून लिहावे तर ‘विद्या’ची ‘विदया’ होई, ‘स्वागत’चे ‘सवागत’, आणि आपले विश्वस्त चक्क ‘विशवसत’ झाले! क्ष, ज्ञ, त्र, श्र यांना आकड्यांच्या ओळीत स्वतःची जागा आहे, म्हणून तेवढे वाचले.

दुकानदाराने न तपासताच “पूरा कीबोर्ड बदलना पड़ेगा” असे सांगून टाकले. मी वैतागून घरी आले आणि राग निघाला तो घरकामाच्या बाईंवर. रोज फडका मारताना तुम्हीच जोर दिला असेल, असे मी त्यांना बोलले. त्या गप्प राहिल्या, भांडी घासून निघून गेल्या. सहावीतली माझी लेक तिथेच गृहपाठ करत बसली होती. तीही गप्प.

रात्री जेवणे झाल्यावर मी स्वतःच हात घालायचे ठरवले. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, बॅटरी निघण्यासारखी होती तीही काढली. आधी उलटा धरून हलकेच थोपटला, पोह्यांवरच्या शेवेचे दोन कण पडले (आपण इंदूरचे!), पण कळ काही सुटली नाही. मग आधी मोबाइलवर कळेचा फोटो काढून ठेवला आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा कोपरा तिच्याखाली सरकवून अलगद उचलली. टक्‌ आवाज होऊन टोपी निघाली. खाली कैचीसारख्या एकमेकींत अडकलेल्या दोन नाजूक पट्ट्या असतात आणि मधोमध रबराची छोटी वाटी. तीच कळ पुन्हा वर उचलते. या पट्ट्यांची खुंटी मोडली तर काम वाढते, म्हणून इथे घाई नको. स्पेसबार, एंटर अशा लांब कळांखाली बहुधा तारही असते, त्यांच्या वाटेला मी गेले नाही.

वाटीभोवती पिवळसर, चिकट कडे जमले होते. वास घेतला, लिंबाचा होता.

मागे लेक येऊन उभी होती. “आई, रविवारी सरबत सांडलं होतं. मी पुसलं गं लगेच. पण वरूनच.”

मी तिला काय रागावणार? दुपारी न बघता निकाल तर मीच दिला होता. “मग बाईंना बोलले तेव्हा का नाही सांगितलंस?” एवढेच विचारले. ती रडू लागली.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जेमतेम ओली करून आम्ही दोघींनी कडे पुसून काढले. पाणी मुद्दामच वापरले नाही. अर्धा तास वाळू दिले, फोटो बघून पट्ट्या जागेवर आहेत याची खात्री केली आणि टोपी ठेवून सगळीकडून सारखी दाबली. टक्‌! लेकीने पहिला शब्द लिहिला, ‘विद्यार्थी’. नीट उमटला.

सकाळी बाई आल्या तेव्हा लेक माझ्याआधी दारात गेली. तिने सगळे सांगितले. मग मीही माफी मागितली. बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “भाभी, मैं तो उस मशीन को हाथ ही नहीं लगाती, डर लगता है.” आणि झाडू घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

त्या दिवशी चहा लेकीने केला, बाईंसाठीही. अंक वेळेवर गेला.