पदवीचे पैसे कोण भरतं?

चि. मनू,



तुझी यादी मिळाली. विद्यापीठ, गाव, शुल्क, अर्जाची मुदत, सगळे रकाने नीट आखलेस. राहिला तो एकच, आणि मी असते तर तोच पहिला घातला असता: पैसे कोण देणार? तुझे बाबा देणार, बँक देणार की विद्यापीठ देणार? पदवीच्या नावापेक्षा या उत्तरावरून तुझी पुढची दहा वर्षं ठरतील, म्हणून फोनवर न बोलता लिहिते आहे. शिवाय फोनवर तुझी आई मधे मधे बोलते.

एकाच विद्यापीठाच्या एकाच भौतिकशास्त्र विभागापुढे तू एम.ए., एम.एस., पीएचडी आणि एक प्रमाणपत्र अशा चार ओळी लिहिल्या आहेस. भौतिकशास्त्रात एम.ए. ऐकून आजीला वाटेल, पोरगी सायन्स सोडून आर्ट्‌सला गेली. तिला सांग, हार्वर्डसुद्धा भौतिकशास्त्राची मास्टर्स याच नावाने देतं. इथे अमेरिकेत ‘कॉलेज ऑफ आर्ट्‌स अँड सायन्सेस’ म्हणजे बहुधा विद्यापीठाच्या पोटातलं सगळ्यात मोठं कॉलेज. इतिहास, गणित, मानसशास्त्र, भूशास्त्र, परक्या भाषा, खगोलशास्त्र, सगळे विभाग एका डीनच्या हाताखाली. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कायदा, बिझनेस यांच्या चुली वेगळ्या. तेव्हा एम.ए. की एम.एस. यावर डोकं शिणवू नकोस. पुष्कळदा तो त्या विद्यापीठाच्या जुन्या रिवाजाचा भाग असतो, क्वचित प्रबंध लिहायचा की नाही एवढाच फरक.

हे कॉलेज चालतं कशावर, ते कळलं की बाकीचा गुंता सुटतो. इंजिनिअर व्हायला आलेला मुलगा असो की डॉक्टर व्हायला आलेली मुलगी, कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, निबंधलेखन हे सगळं पहिल्या-दुसऱ्या वर्षी याच कॉलेजात शिकतात. दोन-तीनशे मुलांपुढे प्राध्यापक व्याख्यान देतो. मग त्यांच्या लहान तुकड्या करून उदाहरणं सोडवून घेणं, प्रयोगशाळा सांभाळणं, पेपर तपासणं कोण करणार? पीएचडीचे विद्यार्थी. त्यांना इथे सगळे ‘टीए’ म्हणतात. आठवड्याला साधारण वीस तासांचं काम. त्याच्या बदल्यात शुल्क माफ, बहुतेक ठिकाणी आरोग्यविमा, आणि वर, गाव आणि विद्यापीठ पाहून, वर्षाला वीस ते पन्नास हजार डॉलर मानधन. पुढे एखाद्या प्राध्यापकाच्या सरकारी अनुदानातून संशोधन सहायक म्हणून पैसे मिळायला लागले की शिकवणं सुटतं. म्हणजे या कॉलेजातली पीएचडी ही बेताच्या पगाराची नोकरी आहे. तिच्या शेवटी पदवी मिळते.

मास्टर्सचं तसं नाही. पीएचडी असलेल्या विभागाला मास्टर्सच्या विद्यार्थ्याची कामाला सहसा गरज नसते. त्याच्याकडून तो शुल्क घेतो, वर्षाला तीस, चाळीस, काही ठिकाणी साठ हजार डॉलर. राहणं-खाणं वेगळं. वर्गात मात्र दोघं शेजारी बसतात, तेच क्वांटम मेकॅनिक्स शिकतात, तेच गृहपाठ करतात. आणखी गंमत सांगते. पीएचडीला आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या दोनेक वर्षांत ठरावीक अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा पार केली, की बहुतेक विभागांत वाटेतच त्याला मास्टर्स पदवी मिळते. पुढचं नको वाटलं तर ती घेऊन तो बाहेर पडू शकतो, डोक्यावर कर्ज न ठेवता. हा पळवाटेचा सल्ला समजू नकोस. प्रवेश समितीवर बसणाऱ्या बाईने तो देणं बरंही दिसत नाही. पण बाबा ज्या एम.एस.साठी सांगलीची जमीन गहाण टाकायला निघालेत, ती दुसऱ्या दाराने पगारासकट मिळते, एवढं त्यांच्या कानावर घाल.

एका पत्रापासून मात्र सावध राहा. पीएचडीचा अर्ज करताना काही ठिकाणी ‘तिथे जागा नसल्यास मास्टर्ससाठी विचार करावा का’ असा चौकोन असतो. त्यात खूण केलीस तर मार्चमध्ये गोड भाषेत अभिनंदन येईल: पीएचडीला नाही, पण आमच्या एम.ए.ला तुमचं स्वागत. शिष्यवृत्ती असलीच तर थोडीशी. तेवढ्याने हुरळून मुलं विमानाचं तिकीट काढतात.

मास्टर्स म्हणजे सरसकट लूट, असं नाही. ज्या विभागांत पीएचडी नाहीच, तिथे टीएचं काम मास्टर्सच्या मुलांकडेच येतं. लहान गावांतल्या राज्य विद्यापीठांत गणित, इंग्रजी, इतिहास या विषयांना अशा पगारी जागा असतात. त्यांची फारशी जाहिरात होत नाही, विभागाला पत्र लिहून विचारावं लागतं. संख्याशास्त्राची मास्टर्स स्वतःच्या पैशाने करणारीही मुलं आहेत, कारण त्यांना संशोधन नको असतं, नोकरी हवी असते. विज्ञान-गणिताच्या पदवीनंतर इथे एक वर्ष आणि वर आणखी दोन वर्षं काम करता येतं. इतिहासाच्या पदवीनंतर एकच. त्यांचा हिशेब उघड आहे आणि त्यात गैर काही नाही. तुला खगोलशास्त्र करायचं आहे. तुझा हिशेब तो नव्हे. आणि यादीतली ती ‘लिबरल स्टडीज’ची एम.ए. खोडून टाक. ती बहुतेक ठिकाणी नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी असते.

तुझ्या मैत्रिणीने विचारलंय की भौतिकशास्त्रच शिकायचं तर इतिहास-मानववंशशास्त्राच्या सोबत एका कॉलेजात असण्याचा फायदा काय. तिला बाबासाहेबांचं उदाहरण दे. १९१३ साली ते कोलंबियाला आले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. पैसे कोण देतं आणि बदल्यात काय मागतं, हा रकाना तेव्हाही होताच. विषय अर्थशास्त्र, १९१५ मध्ये एम.ए. पण त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, जे जे दिसलं त्याचे वर्ग केले, आणि भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध मे १९१६ मध्ये वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी शेजारच्या विभागात जाऊन हे करू शकला. पीएचडी त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये, म्हणजे हातात कागद यायला किती वेळ लागू शकतो तेही लक्षात ठेव. दुसरीकडे दामोदर कोसंबी हार्वर्डमधून १९२९ साली फक्त पदवी घेऊन परतले आणि पीएचडीशिवाय फर्ग्युसनमध्ये व टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित केलं. हा दाखला बाबांपुढे मात्र काढू नकोस.

आता तुझी अडचण. तुझी बी.एस्सी. तीन वर्षांची. काही अमेरिकी विद्यापीठं तिला चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, काही धरत नाहीत; प्रत्येक विभागाच्या नियमात पाहा. माझं मत विचारशील तर यंदा अमेरिकेचे दोन-तीनच अर्ज कर आणि जोर जॅमवर, म्हणजे आयआयटीच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेवर लाव. आयआयटीतली किंवा आपल्या पुणे विद्यापीठातली एम.एस्सी. इथल्या एका सत्राच्या शुल्काच्या मानाने फुकटच. आयसर पुण्यात बी.एस्सी.नंतर एकात्मिक पीएचडी आहे. आणि रेडिओ खगोलशास्त्र म्हणशील तर त्या विषयाचं राष्ट्रीय केंद्र, एनसीआरए, तुझ्या विद्यापीठाच्याच आवारात आहे, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभी आहे, आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणाचा वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. एम.एस्सी.तला एखादा प्रकल्प तिथे केलास तर पुढे इथल्या समितीपुढे तुझा अर्ज आपोआप वेगळा दिसेल.

घाई न करण्याचं आणखी एक कारण. २०२५ मध्ये इथल्या सरकारने संशोधनाच्या अनुदानांना कात्री लावली आणि बऱ्याच विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. काही विभागांनी प्रवेशच थांबवले. मानव्यविद्यांना फटका बसला, आणि विज्ञानही सुटलेलं नाही. जागा असली तरी पाच-सहा वर्षं, कधी सात, एकाच मार्गदर्शकाच्या मर्जीवर काढायची असतात. म्हणून विभाग निवडताना क्रमवारी बघण्याआधी त्या प्राध्यापकाचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत ते शोध. विद्यार्थ्यांना सरळ पत्र लिही. ते प्राध्यापकांपेक्षा खरं सांगतात. आणि पगारी जागेचं पत्र आलंच, तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही, असा एक ठराव आहे. पुष्कळ विद्यापीठांनी तो मान्य केला आहे. कुणी आधी घाई केली तर मला कळव.

उद्देशपत्राचा मसुदा रविवारपर्यंत पाठव. ‘लहानपणी गच्चीवर झोपून तारे पाहताना’ अशी सुरुवात केली असशील तर ती आधीच काढ. समितीत आम्ही ती दर हिवाळ्यात ढिगाने वाचतो. जीएमआरटीच्या कुठल्या निरीक्षणांवर काम करायचं आहे, इथून सुरू कर. तुझ्या आईला सांग, शुक्रवारी रात्री फोन करते.

तुझी,
मावशी