हाताची घडी, तोंडावर बोट

मराठी शाळेतलं पहिलं शिक्षण हेच, मुळाक्षरं नंतर. नालासोपाऱ्याच्या आमच्या शाळेला पत्रे होते. बाईंचा आवाज चढला की सगळ्या वर्गाची बोटं ओठांवर जायची. बोटाला खडूची चव असायची. मग पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा, त्याच्या मागून लोकलचा भोंगा. ती शांतता मला आवडायची, हेही सांगायला हवं. मुकाट ऐकण्यात सुख असतं. आपल्याला काही ठरवावं लागत नाही.

नोकरीत फक्त बोट दिसेनासं झालं. वसईच्या अलीकडे रुळांवर पाणी, गाडी जागच्या जागी, टीव्हीवर ते सगळं जग बघतंय, आणि तरी मस्टरवर लाल शाईनं लेटमार्क. तीन लेटमार्कांना एक रजा कापणार. ‘हो सर.’ गंमत म्हणजे ‘हो सर’ म्हणणारी हीच माणसं सकाळी डब्यात कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. बसायला मिळावं म्हणून उलटं विरारला जाऊन रिटर्न येतात. चौथी सीट कोणाची, दारात कोण उभं राहणार, भजन कुठल्या स्टेशनला सुरू करायचं, सगळं आपसात ठरवतात. अंधेरीला उतरले की मान खाली.

आमचा सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. जवळच्या भुईगावला १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडं, असं राजा या लेखात म्हणतो. खरा विधी कोणता? दास-चाकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, प्राण्यांबाबत संयम, दान. गुरुजनांचा मान आम्हाला घोकून घोकून शिकवला. चाकरांशी नीट वागणं त्याच्याही आधी लिहिलंय, पण तो धडा ज्यांच्यासाठी होता त्यांच्या तोंडावर कोणी बोट ठेवायला लावलं नव्हतं.

आणि हा विधी चांगला आहे असं कोणी सांगावं, तेही त्या लेखात आहे. बापानं, मुलानं, भावानं, धन्यानं. मुलानंसुद्धा! दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पोराला बोलायची मुभा होती. चाकराचं नाव मात्र त्या यादीत नाही. राजा विसरला नसावा. त्याला ते सुचलंच नसावं.

ते सुचायला चाकरांनाच जमावं लागलं. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, हजारोंच्या सह्यांचा अर्ज केला. मालक लगेच बधले नाहीत. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आमचा तो रविवार अर्धा टँकरच्या रांगेत जातो, उरलेला कपडे वाळत घालण्यात. पण कुठलं काम आधी करायचं, हे साहेबाला विचारावं लागत नाही.