खुंटीवरची एकबारी

कापूस वेचणीच्या दिवसांत कधी यवतमाळहून घाटंजीला आणि तिथून पारव्याच्या बाजूने टिपेश्वरच्या जंगलाकडे या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी फुटलेली पऱ्हाटी, मधे तुरीच्या ओळी, आणि दर दोन-चार वावरांआड बल्ल्यांवर उभारलेली मचाण दिसेल. दिवस मावळला की तिच्याजवळ शेकोटी पेटते, कोणी डबा बडवतो, कोणी बॅटरी मारतो. टिपेश्वरचे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. आत वाघ, आणि कडेच्या वावरांत रानडुकरे व रोही. हरभरा पेरून आठ दिवस होत नाहीत तोच डुकरे तासच्या तास उकरून जातात, हे जागलीला जाणाऱ्यांना मी काय सांगावे!

नोकरीची बरीच वर्षे मी या भागात मातीचे नमुने गोळा करत आणि बोंडअळीचे कामगंध सापळे लावत हिंडलो. आज मात्र पिकावर लिहीत नाही. जागलीचीच एक जुनी सोबतीण इथल्या काही घरांत अजून खुंटीवर टांगलेली आहे, तिच्याबद्दल लिहितो. ठासणीची बंदूक.

गेल्या हंगामात एका गावी सापळे पाहून झाल्यावर चहाला बसलो होतो. ओसरीच्या आतल्या भिंतीवर, लेकरांच्या खाटेच्या बरोबर वर, ती दिसली. घरातला नातू कॉलेजात जाणारा. त्याने मोबाईल पुढे केला. "सर, अमेरिकेत जुन्या सिंगल-शॉट रायफली लोक जमा करतात. लाखांनी किंमत येते. आपली तीच हाय ना?" तालुक्याच्या गावचा एक माणूस दोनदा येऊन गेला होता. रोख पैसे देतो, कागदपत्र काही नको म्हणत होता. बैलजोडीतला एक बैल पोळ्याआधीच गेला होता, त्यामुळे घरात त्या पैशांचा विचार चालू होता.

मी बंदुकीचा जाणकार नाही, पण वडिलांमुळे थोडे कळते. हात न लावता निरखून पाहिली. नळी गुळगुळीत, नळीखाली गज, घोड्याच्या खाली टोपी बसवायची जागा. म्हणजे तोंडाकडून दारू, मग बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचे. एक बार उडाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. एकबारी खरी, पण रायफल नव्हे. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. ही पीक राखायची बंदूक, देशी कारागिराच्या हातची. नातवाचे तोंड उतरले.

मग त्याला अमेरिकेच्या रायफली काय असतात ते सांगितले, तुम्हालाही सांगतो. ख्रिश्चन शार्प्स याने १८४८ मध्ये अशा रायफलीचे पेटंट घेतले की जिच्यात गोळी तोंडाकडून नव्हे, मागून भरायची. मागचा ठोकळा खाली सरकतो, गोळी आत ठेवायची, ठोकळा वर घ्यायचा. पुढे १८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शार्प्ससारख्या भारी रायफलींनी तिथल्या बायसन गव्यांचे कळपच्या कळप आडवे केले. कोट्यवधी होते, त्यांतले शतक सरता सरता काहीशे उरले. दुसरी नावाजलेली विंचेस्टरची १८८५ ची. ती मुळात जॉन ब्राउनिंगची. युटामधल्या ऑग्डेन गावच्या बंदूक बनवणाऱ्याचा हा पोर. पंचविशीच्या आत, १८७९ मध्ये, त्याला पेटंट मिळाले, आणि १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने ८,००० डॉलर मोजून त्याच्याकडून हक्क घेतले. स्टीव्हन्स कंपनीच्या छोट्या एकबारी तर तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या हातातल्या. संग्रह करणारे लोक या रायफली उडवण्यासाठी घेतात असे नाही. सगळे भाग मूळचे आहेत का, आकडे जुळतात का, लाकडाला कोणी नवे पॉलिश तर नाही मारले, हे ते भिंगाने बघतात. घासून चकचकीत केलेल्या जुन्या बंदुकीची किंमत निम्म्याने उतरते म्हणतात. आपल्याकडे पितळी समई चिंचेने घासणारांना हे पटायचे नाही!

तिथे १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू धरतात, आणि बहुतेक ठिकाणी तिला परवाना लागत नाही. इकडे तसे नाही, ते पुढे सांगतो.

पण अमेरिकेच्या त्या बंदुकांशी आपला काहीच संबंध नाही असे समजू नका. संबंध या पऱ्हाटीतूनच आहे. १८५३ पासून वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता. आपल्या जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या. तोवर त्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई. मग त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. कापसाचे भाव असे चढले की मुंबईचे शेठ रातोरात मोठे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये, तेजी ओसरल्यावर. भाव चढला तेव्हा आपल्या हाती किती आले आणि पडला तेव्हा किती गेले, याचा हिशेब शेतकऱ्याच्या घरी वेगळाच निघतो. तो तेव्हाही वेगळा होता.

त्या युद्धात लाखो ठासणीच्या बंदुका बनल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यांचे काय करावे, हा अमेरिकी सरकारपुढे प्रश्न. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातील अर्स्किन ॲलिन याने तोड काढली. नळीचा मागचा भाग कापायचा आणि तिथे बिजागरीचे झाकण बसवायचे. जुनी बंदूक मागून भरता येऊ लागली. इंग्रजांनीही तेच केले. १८६६ मध्ये त्यांनी आपल्या एनफील्ड बंदुका जेकब स्नायडर या अमेरिकी माणसाच्या युक्तीने बदलल्या. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्रीची मूळ कल्पना बोस्टनच्या पीबॉडीची, १८६२ च्या पेटंटातली. या दोन्ही बंदुका हिंदुस्थानात फौजेबरोबर आल्या. नेपाळने तर आपल्या जुन्या बंदुका काठमांडूच्या लगन सिलेखान्यात शंभर वर्षे साठवून ठेवल्या होत्या. २००३ च्या सुमारास अमेरिकेच्या व्यापाऱ्यांनी त्या हजारोंनी विकत घेऊन तिकडच्या हौशी लोकांना विकल्या. जुनी हत्यारे पाहायची हौस असेल तर इतके लांब जायला नको. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, तिथले शस्त्रांचे दालन लेकरांना जरूर दाखवा.

नातू हे सारे ऐकत होता, पण त्याचा मुद्दा एकच. "मग त्या माणसाले देऊन टाकू का?"

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागली. दारव्हा तालुक्यात आमच्या घरीही अशीच एक होती. वडिलांच्या नावे पीक संरक्षणाचा परवाना. १९९८ मध्ये ते गेले. मी नोकरीवर लांब, आईला तिची भीती वाटे. मी ती पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली, ती पावती एका वहीत ठेवली आणि विसरलो. वारसाने ठरल्या मुदतीत अर्ज केला तर परवाना मिळू शकतो, नाहीतर जमा शस्त्र सरकारजमा होते. कितीतरी वर्षांनी वही सापडली तेव्हा ठाण्यात गेलो. माझी बंदूक केव्हाच गेली होती. त्यांनी काही चुकीचे केले नव्हते. वडिलांनी कुंद्यावर चाकूने एकेक रेघ मारली होती, ज्या साली हंगाम हाती लागला त्या सालाची. किती रेघा होत्या ते मी कधी मोजले नाही.

म्हणून त्या घराला म्हटले, कागद नको म्हणणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बिनपरवाना बंदूक ठेवणे आणि विकणे, दोन्ही गुन्हे. जुनी म्हणून सूट आहे, पण दुरुस्त करूनही जी कधीच चालणार नाही अशीलाच. हीच बंदूक शंभर वर्षांची ठरली तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही लागतो, आणि मग ती कोणाला परदेशी धाडता येत नाही. दुसरी बाजूही सांगितली. त्याच शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शेतकऱ्याला मागता येतो असे स्पष्ट लिहिले आहे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. मात्र परवाना हातात आला म्हणून डुक्कर मारता येते असे नाही. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

म्हाताऱ्याने पेटीतून परवान्याचे पुस्तक काढले. बापाच्या नावाचे, शेवटचे नूतनीकरण १९८१ चे. मी विचारले, "आबाजी, ही भरलेली आहे की रिकामी?"

"कोनाले मालूम! बाप गेल्यावर कोनं हात लावला?"

आम्ही ती खुंटीवरून हलवली नाही. खाट मात्र लगेच दुसऱ्या खोलीत नेली. दुसऱ्या दिवशी म्हातारा आणि मी ठाण्यात गेलो, सगळे खरे सांगून अर्ज दिला. ठाणेदारांनी परवानाधारक बंदूक कारागिराला सोबत पाठवले. त्याने गज नळीत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. चार बोटे कमी भरला. मग सगळ्यांना अंगणाबाहेर उभे करून त्याने ती उतरवली.

आतून निघाले कापडाचे बोळे, गंजून एकजीव झालेले छर्रे आणि मुठीत मावेल इतकी काळी दारू. दारू कोरडी होती.

म्हातारा बराच वेळ त्या दारूकडे पाहत राहिला. "बापानं डुकरासाठी भरली," तो म्हणाला, "आन् चाळीस साल तिच्याखाली मी झोपलो, माही पोरं झोपली, हा नातू बी तिथंच मोठा झाला."

बंदूक सध्या ठाण्यात जमा आहे. पावती नातवाकडे आहे, आणि अर्जाची मुदत मी त्याच्या मोबाईलवर त्याच्याच हाताने टाकून घेतली आहे.