कल्हईवाल्याची वाट

सुखाच्या मोठमोठ्या वस्तू हल्ली बसल्या जागी मिळतात. मोबाइलवर बोट ठेवावे, की कपडे धुणारे यंत्र दारात हजर होते आणि ते जोडून देणारा माणूसही मागोमाग येतो. अडते ते लहानसहान गोष्टींवर. छत्रीची काडी मोडली तर ती बसवून देणारा आमच्या गावात आता कोणी नाही. पाट्यावरवंट्याला टाकी लावणाऱ्या बायका शेवटच्या कधी येऊन गेल्या, ते सासूबाईंनाही आठवत नाही. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज वर्गात मी तोंडाने काढून दाखवते, तेव्हा मुले पोट धरून हसतात. पण या साऱ्यांवाचून माझे कसेबसे भागते. भागत नाही ते कल्हईवाल्यावाचून.

आमच्या घरात पितळेची अकरा भांडी आहेत. सासूबाईंनी ती चार वेळा मोडीत जाता जाता वाचवली. त्यांच्या मते आमटी खुलते ती पितळेच्या पातेल्यात. स्टीलच्या भांड्यात ती नुसती शिजते. हे मत शास्त्राला कितपत धरून आहे, या वादात मी पडत नाही. मी आमटी खाते आणि गप्प बसते. मात्र पितळेला कल्हई हवीच. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट पदार्थ त्यात राहिला, की तांबे पदार्थात उतरते, हिरवट झाक येते आणि पदार्थ कळकतो. कळकणे! केवढा नेमका शब्द! परवा सातवीच्या वर्गात ‘ताक कळकले’ या वाक्याचा अर्थ विचारला, तर एका मुलीने ‘ताकाला सगळे समजले’ असा सांगितला. तिला मी पूर्ण गुण दिले.

ज्यांनी कल्हई लावताना कधी पाहिली नाही, त्यांची मला खरोखर कीव येते. शाळेच्या कुंपणाबाहेर पिंपळाखाली आमचे चाचा बसत. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, खालून भात्याची नळी. चिंच आणि राखेने घासलेले पातेले सांडशीत धरून ते निखाऱ्यांवर गोल गोल फिरवायचे. ते पुरेसे तापले, की त्यावर नवसागराची चिमूट पडे आणि पांढऱ्या धुराचा लोट उठे. त्या धुराने डोळ्यांना पाणी येई; तरी मुले जागची हलत नसत. नवसागर धातूवरचा मळ खातो, म्हणून तर कथील त्याला धरते. मग कथलाची कांडी तळाला नुसती टेकवायची. ती पाण्यासारखी वितळली, की कापसाच्या बोळ्याने सर्रकन सगळीकडे फिरवायची. क्षणापूर्वी काळवंडलेले ते पातेले चंद्रासारखे उजळे! शेवटी बादलीतल्या पाण्यात बुडवताना ‘चर्र’ असा आवाज होई, आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा संपलेली असे.

चार वर्षे झाली, चाचा आलेले नाहीत. मी भांड्यांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, “बाई, मोडीत घाला आणि स्टील न्या. कल्हई कसली लावता?” पुण्याला कसब्यात तांबट आळी आहे हे मला माहीत आहे, पण अकरा भांडी पोत्यात घालून एस.टी.ने पुण्याला जायचे, तर आमटीपेक्षा वरातीचाच खर्च अधिक. कथीलही महाग झाले आहे. आपल्या देशात ते छत्तीसगडात थोडेसे निघते. बाकी बाहेरून आणावे लागते.

पण चाचा येईनासे झाले, त्याचे कारण कथलात नाही. ते मला चांगले ठाऊक आहे.

2015 सालच्या जुलैत शाळाबाह्य मुलांची राज्यभर एका दिवसात मोजणी झाली. आम्ही शिक्षक दारोदार, पालोपाली हिंडलो. नोंद झालेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची होती. पिंपळाखाली चाचांचा नऊ वर्षांचा मुलगा भाता मारीत होता. त्याची बोटे काजळीने इतकी काळी होती, की शाई लावली तरी दिसेना. चाचा म्हणाले, “बाई, हा शाळेत गेला तर भाता कोण मारणार? अन् तुमच्या पातेल्याला कल्हई कोण लावणार?”

“कल्हईचं मागाहून बघू. आधी त्याचं नाव सांगा.”

सासूबाईंच्या लहानपणच्या गोष्टींतही कल्हईवाला येतो. त्या गोष्टींत भाता मारणारा एक पोरगा असतोच. त्याचे नाव काय होते, असे मी एकदा त्यांना विचारले. त्या बराच वेळ आठवत राहिल्या आणि मग उठून देवघरात गेल्या.

मुलगा शाळेत आला. गणितात बरा निघाला, दहावी झाला, आय.टी.आय.ला फिटरचे शिकला आणि चाकणला एका कारखान्यात लागला. इकडे चाचांचे गुडघे धरले. भात्याला हात उरला नाही.

यंदा दिवाळीच्या आधी चाचांचाच फोन आला. मुलगा सुट्टीवर आला आहे, भांडी पाठवा. मी रिक्षात भांड्यांबरोबर सासूबाईंनाही घातले. अंगणात खड्डा खणलेला होता. मुलाने कारखान्यातला शर्ट काढून ठेवला होता आणि तो भाता मारीत होता. मला पाहून म्हणाला, “बाई, कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळतं. आम्हाला शिकवलं. अब्बा नुसतं बघून सांगतात.”

“मला कशाला आकडा?” चाचा म्हणाले, “ते दिसतं की!”

अकरा भांडी व्हायला दुपार कलली. सासूबाई प्रत्येक भांडे उजेडात धरून आत बघत होत्या. पैसे देताना मी विचारले, “पुढच्या वर्षी?”

चाचांनी मुलाकडे पाहिले. मुलगा निखाऱ्यांवर पाणी ओतत होता.

“सुट्टी मिळाली तर,” तो म्हणाला.

सासूबाईंनी मात्र पैसे पुन्हा एकदा मोजायला लावले, आणि वर फराळाचा डबा देऊन विचारले, “नाव काय रे बाळा तुझं?”