सूनबाई, एवढं वाचून दाखव

लग्न होऊन कोरेगाव भीमाला आले तेव्हा जमीन म्हणजे ऊस, बांध आणि विहीर एवढंच मला ठाऊक होतं. इथं कळलं, जमीन कागदात असते. पुणे-नगर रस्ता दारावरून जातो, शेजारी सणसवाडीचे कारखाने, पुढं रांजणगावची एमआयडीसी. गुंठ्याचा भाव चढला तशी म्हाताऱ्यांच्या ओसरीवर गोड बोलणारी माणसंही वाढली.

मी बी.कॉम. झालेली. एवढ्या भांडवलावर सासऱ्यांच्या ओळखीचे लोक कागद घेऊन माझ्याकडे यायला लागले. हक्कसोडपत्र, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, बक्षीसपत्र. ‘लिहून देणार’ कोण आणि ‘लिहून घेणार’ कोण, इथंच माझी गाडी अडायची.

शेजारच्या आजींचा कागद मात्र विसरता येणार नाही. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. कोणी एक एजंट तयार कागद घेऊन आला. “वारस नोंदीचाच आहे, आजी, उद्या ऑफिसात येऊन फक्त अंगठा द्यायचा.” वर शीर्षक होतं कुलमुखत्यारपत्र. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, जमीन विकण्याचे, मोबदला घेण्याचे आणि नोंदणीला हजर राहण्याचे अधिकार. मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, आपलंच काही चुकतंय असं वाटत होतं. मग शिरूरच्या एका वकीलबाईंना विचारलं. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र आणि तलाठ्याकडे अर्ज. तो ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरूनही करता येतो. यात विक्रीच्या अधिकाराचं काय काम? आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पण पोरगा चांगला होता गं, चहासुद्धा घेतला नाही.”

वकीलबाईंकडून आणखी एक गोष्ट समजली, ती मला अजून चक्रावते. म्हातारी माणसं घाबरतात मृत्युपत्राला. जिवंतपणी मरणाचं नाव कशाला! आणि सगळ्यांत निर्धोक कागद तोच. 1925च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे करणाऱ्यानं आणि दोन साक्षीदारांनी सह्या केल्या की झालं. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही. ‘सरकारी फी भरल्याशिवाय चालत नाही’ म्हणून कोणी हजारो रुपये मागितले, तर तिथंच ओळखावं. शुद्धीत असेपर्यंत ते बदलता येतं, फाडता येतं. बक्षीसपत्राची गोष्ट उलटी. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की जमीन त्याच दिवशी दुसऱ्याची. घर किंवा शेती मुलांना, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, त्यामुळं ‘स्वस्तात होतंय, करून टाका’ हा सल्ला पटकन गळी उतरतो.

दिलेलं परत मिळवायची एक वाट आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्यातल्या कलम 23 खाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. पण सांभाळ करण्याची अट होती हे दाखवावं लागतं; सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये त्यावर बोट ठेवलं, तर 2025च्या जानेवारीत एका आईच्या बाजूनं जरा उदार अर्थ लावला. निकालांच्या भरवशावर कशाला राहायचं? अट कागदातच लिहावी.

आता मी मोबाइलवर ‘आपली चावडी’ हे सरकारी संकेतस्थळ उघडून गावातल्या फेरफारांच्या नोटिसा बघते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात आणि म्हाताऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो. खरं तर हे काम त्यांच्या नातवांनी करायला हवं, ज्यांच्या हातातून मोबाइल सुटत नाही.

परवा सासऱ्यांच्या ओळखीतले अण्णा आले, पोराच्या नावचं बक्षीसपत्र घेऊन. मी बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतला फरक सांगितला.

“म्हणजे मृत्युपत्र उद्या बदललं तर चालतं?”

“कितीही वेळा. शेवटचं असेल ते खरं.”

अण्णांनी बक्षीसपत्राची घडी करून खिशात घातली. “मग मृत्युपत्रच करू. आणि ते बदलता येतं, हे पोराला तूच सांग. माझं ऐकत नाही तो.”