प्राचार्यांचे घर

महाविद्यालयीन खेळाडूचे आयुष्य अल्प असते. छत्रपती संभाजीनगरातील मुले खाशाबा जाधवांविषयी विचारतात, तेव्हा १९५२ च्या हेलसिंकीतील कांस्यपदकापेक्षा मी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांच्याविषयीच अधिक बोलतो. आपल्या मल्लाच्या प्रवासखर्चासाठी त्यांनी राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. आणि मल्ल रिकाम्या हाताने परतला असता तर? तेथे जपानच्या इशीशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर, पुरेशी विश्रांती न देताच, खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. त्यांची बाजू मांडावयास एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. मायदेशी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी १९५५ साली मिळाली. अर्जुन पुरस्कार तर १९८४ मधील अपघाती निधनानंतर कितीतरी वर्षांनी. मात्र परतताच कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडविले होते.