पडदा केवढा असावा?

घरांत नवा टेलिव्हिजन घ्यावयाचें ठरलें, कीं दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो : किती इंची? आणि उत्तर देतांना आपण आपल्या खोलीकडे क्वचितच पाहतों. पाहतों तें खिशाकडे, नाहीं तर शेजाऱ्याच्या भिंतीकडे.

वास्तविक हा इंचांचा हिशेब मोठा फसवा आहे. पडद्याचें माप रुंदीवरून घेत नाहींत. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपें घेतात. जुना २० इंची पडदा कागदोपत्रीं १६ इंच रुंद व १२ इंच उंच. पायथॅगोरसचा सिद्धांत समजावून देण्यास याहून सोयीचें साधन नाहीं. हल्लींचे पडदे सोळास नऊ या प्रमाणांत असल्यामुळें ४३ इंची पडदा सुमारें साडेसदतीस इंच रुंद भरतो, तर ६५ इंची जवळजवळ पावणेपांच फूट. पाहणाऱ्यानें तिरप्या मापाच्या निदान दीडपट व फार तर अडीचपट अंतरावर बसावें, असा एक ढोबळ नियम आहे.

मलकापूर हें आंबा घाटाच्या अलीकडचें, धो धो पावसाचें गांव. जून लागला कीं अंगण मिटतें आणि सारें घर सोप्यांत येऊन बसतें. आमचा सोपा लहान. मागच्या भिंतीशीं बसणाऱ्यापासून टेलिव्हिजनची जागा आठ फुटांवर. परंतु खिडकीखालीं माझ्या आईची कॉट आहे, ती साडेपांच फुटांवर. आमच्या चिरंजीवांचा आग्रह ६५ इंची पडद्याचा. मीं टेप काढून मोजलें आणि आजीला त्यापासून आठ फूट दूर बसावें लागेल, असें सांगितलें. त्यानें तत्काळ तोड काढली : "बाबा, आजीची कॉट माजघरांत हलवूं. तिला तिथें वेगळा लहान सेट देऊं."

त्याच्या बोलण्यांत दुष्टावा नव्हता, मायाच होती. परंतु साठ वर्षें त्या खिडकींतून रस्ता पाहत आलेलें माणूस एका पडद्याच्या रुंदीपायीं आंत सरकवावयाचें, हें माझ्या मनास मानवेना.

१९८७-८८ सालीं 'रामायण' लागे, तेव्हां आमच्या गल्लींत एकच २० इंची, कृष्णधवल संच होता. रविवारीं सकाळीं त्याच्यासमोर पंचवीस-तीस माणसें दाटीनें बसत. मागच्यांना राम कोण आणि लक्ष्मण कोण, हें आवाजावरून ताडावें लागे. पण पडदा लहान आहे अशी तक्रार कोणी केल्याचें मला आठवत नाहीं. आज प्रत्येकाच्या खिशांत स्वतंत्र पडदा आहे. केवळ चित्र पाहण्यासाठीं म्हणाल, तर भिंतीवरच्या टेलिव्हिजनची फारशी गरज उरलेली नाहीं. घरांतल्या चार माणसांनीं घटकाभर एका दिशेस तोंड करून बसावें, एवढेंच त्याचें काम राहिलें आहे; आणि तें त्यांतल्याच एकाला उठवून होणार कसें?

मग हिशेब सोपा झाला. ४३ इंची पडद्यास दीडपट अंतर म्हणजे जेमतेम साडेपांच फूट, अडीचपट म्हणजे नऊ. आईची कॉट आणि मागची बैठक दोन्ही त्यांत बसल्या. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवला, त्यामुळें तिची मान अवघडत नाहीं.

आई खरें तर टेलिव्हिजन फारसा पाहत नाहीं, पाहणाऱ्यांना पाहते. बातम्या ऐन रंगांत आल्या, कीं तिला कोणाची तरी सोयरीक आठवते आणि नातू कुरकुरत आवाज कमी करतो. ६५ इंची पडद्याचा विषय तो अजून अधूनमधून काढतो. मात्र आजीच्या कॉटवर बसूनच.